वारा प्यायलेल्या, आखूड केसांच्या मोठ्या कुत्र्याला हिवाळी कोट कसा निवडायचा?

रानवाट

नमस्कार मंडळी. आमच्या खंड्याला हिवाळ्यासाठी कोट घ्यायचाय आणि या वेळी चुकायचं नाही, म्हणून आधीच विचारतेय.

खंड्या साडेतीन वर्षांचा जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर आहे, वजन ३१ किलो. वारा प्यायलेल्या वासरासारखा असतो. सकाळी तासभर आणि संध्याकाळी तासभर मोकळा पळाला नाही तर रात्री त्यालाही झोप नाही आणि आम्हालाही. केस मात्र नखाएवढे आखूड. पाठीवर निदान दाट तरी आहेत, पोटाखाली आणि जांघेत तर सरळ गुलाबी कातडी दिसते. पारा शून्याखाली गेला आणि वारा सुटला, की तो पळतोय तोवर ठीक असतं. पण मी कुणाशी बोलायला दोन मिनिटं थांबले की त्याची पाठ कमानीसारखी होते, शेपूट पोटाशी जाते आणि मागचे पाय लटलटायला लागतात.

मागच्या हिवाळ्यात दिसला त्यातला सगळ्यात जाड कोट घेतला. वेष्टनावर वजनाप्रमाणे माप होतं, त्यात खंड्या बसत होता. पाठीवर छान दिसला. छातीचा पट्टा मात्र ओढूनताणून लागला आणि कमरेपाशी कोट पिशवीसारखा लोंबत राहिला. पळायला सोडलं की पंधरा मिनिटांत जीभ हातभर बाहेर. पाचव्या दिवशी कोट हातात घेतला तर त्याने पलंगाखाली तोंड घातलं, तेव्हा मी पहिल्यांदा त्याचा पुढचा पाय उचलून पाहिलं. दोन्ही काखांत केस झिजून कातडी लालभडक झालेली, डावीकडे बोटाच्या पेराएवढी सोललेली. चार दिवस तो ते सोसून पळत होता. ते अजून माझ्या मनातून जात नाही.

जखम भरेपर्यंत कोट बंद, आणि तेवढे दिवस तो काकडत राहिला. आता सांगा, जाडी किती घ्यायची? बाह्यांचा घ्यायचा की बिनबाह्यांचा? हार्नेस, म्हणजे छातीभोवतीचा पट्ट्यांचा साज, आत घालायचा की वरून? आणि काखेचं काय करायचं?

जुनाखोड

रानवाट, वाईट वाटलं वाचून. पण मुळात कोट लागतो का, हा प्रश्न मला पडतो. आमच्याकडे आजवर दोन लॅब्रॅडॉर झाले, दोघांनी आयुष्यभर बर्फात लोळण घेतली, कोट कधी अंगाला लागला नाही. निसर्गाने जनावराला दिलंय की. थोडं कुडकुडणं म्हणजे लगेच संकट नव्हे.

तीन_पंजे

जुनाखोड काका, तुमचं लॅब्रॅडॉरच्या बाबतीत अगदी बरोबर आहे, आणि फरक नेमका तिथेच आहे. लॅब्रॅडॉरचे केसही आखूडच दिसतात, पण ते दोन थरांचे असतात. वरचे केस राठ, आणि खाली दाट मऊ लव. ती लव हवा धरून ठेवते आणि पाणी कातडीपर्यंत पोचू देत नाही. बोटांनी केस उलटे फिरवून पाहा, लॅबच्या कातडीपर्यंत नजर पोचायला वेळ लागतो. व्हिझ्लाला ही आतली लव जवळजवळ नसतेच. वायमारानर, डोबरमन, बॉक्सर, डाल्मेशियन, ग्रेहाउंड यांचीही थोड्याफार फरकाने तीच कथा. पॉइंटरला थोडी असते, पण घरात उबेत राहणाऱ्याला फारशी धरत नाही.

दुसरं म्हणजे चरबी. मोठा देह लहान देहापेक्षा सावकाश थंड होतो हे खरं, पण सतत पळणाऱ्या कुत्र्याच्या बरगड्यांवर साठाच नसतो.

रानवाट यांनी लिहिलेल्या खुणा अगदी नेमक्या आहेत. पाठीची कमान, पोटाशी शेपूट, लटलटणारे पाय. याच्या जोडीला एक पंजा उचलून धरणं आणि घराच्या दिशेने ओढणं. एवढं दिसलं की थंडी त्याला बाधतेय असं समजावं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. ते ३७ च्या खाली घसरायला लागलं तर ती गंभीर गोष्ट आहे. कुडकुडणं थांबलं आणि कुत्रा सुस्तावला, तर तो सरावला असं समजू नका. तेव्हा ताबडतोब आत आणून डॉक्टरांना फोन करायचा.

धुकट

मी स्लेज, म्हणजे बर्फावरची घसरगाडी, ओढणाऱ्या कुत्र्यांबरोबर काही हिवाळे काम केलंय, त्यावरून एक गोष्ट कळकळीने सांगतो. कोट धावण्यासाठी नसतो, थांबण्यासाठी असतो.

युरोहाउंड नावाचे कुत्रे असतात. अलास्कन हस्की आणि पॉइंटर यांच्या संकरातून शर्यतींसाठी तयार केलेले. म्हणजे तुमच्या खंड्याचे भाऊबंदच. केस आखूड, अंगात आग. ते ओढायला लागले की त्यांना फार काही लागत नाही. पण थांबले की लगेच अंगावर जॅकेट चढवायचं. गाडी थांबवायची, आधी कुत्र्यांची जॅकेटं, मग आपलं पाणी, असा आमचा क्रम होता.

कारण साधं आहे. स्नायू काम करतात तेव्हा जळणाऱ्या ऊर्जेचा जेमतेम पाव भाग हालचालीला लागतो, बाकी सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. माणूस ती घामावाटे घालवतो. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांना, आणि तोही नावालाच. त्याचं सगळं धापेवर चालतं. जाड कोट घालून पळवला तर आत भट्टी पेटते, आणि उणे पाच अंशातही कुत्रा तापू शकतो. खंड्याची हातभर जीभ तेच सांगत होती.

तेव्हा एका कोटात दोन्ही गोष्टी शोधू नका. पळताना पातळ, फक्त वारा आणि पाणी अडवणारा. थांबल्यावर टाकायला वेगळी जाड, सैल झूल, पाठपिशवीत मावेल अशी.

रानवाट

धुकट, "थांबण्यासाठी असतो" हे वाचून डोक्यात लख्ख उजेड पडला. मी नेमकं उलटं करत होते. पळताना घालत होते आणि गाडीत बसवताना, ओला आणि दमलेला असताना, काढून ठेवत होते.

उसवण

मी कुत्र्यांचे कोट शिवते, घरगुती, ओळखीतल्यांसाठी. काखेबद्दल लिहिते, कारण माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या दहा कोटांतले बरेचसे तिथेच चुकलेले असतात.

आधी हे लक्षात घ्या की कुत्र्याला आपल्यासारखं गळ्याखालचं हाड नसतं. पुढचा पाय धडाला सांध्याने जोडलेला नसतो, खांद्याचा फरा नुसत्या स्नायूंनी धरलेला असतो. त्यामुळे प्रत्येक पावलाला तो फरा बरगड्यांवरून मागेपुढे सरकतो. खंड्या मंद चालत असताना त्याच्या खांद्यावर तळहात ठेवून पाहा, चांगला बोटभर सरकताना कळेल. धावताना त्याहून जास्त. कोटाची पुढची कड किंवा पट्टा त्या वाटेत आला, की दर पावलाला घासणार. एका तासात किती पावलं होतात याचा विचार करा.

म्हणून वजनावरून माप कधीच घेऊ नये. पॉइंटर, डोबरमन, ग्रेहाउंड यांची छाती खोल आणि कंबर बारीक. त्याच वजनाचा लॅब्रॅडॉर घ्या, पिंपासारखा. दोघांना एकच कोट कसा बसेल?

मोजपट्टी घ्या आणि कुत्रा उभा असताना मोजा. बसलेला असताना पाठ आखूड भरते. मान खांद्याला मिळते तिथून शेपटीच्या मुळापर्यंत ही पाठीची लांबी. पुढच्या पायांच्या लगेच मागून, सर्वांत खोल जागी, छातीचा घेर. गळपट्टा सैल होऊन खाली उतरतो तिथे मानेचा घेर. आणि कुणी घेत नाही ते चौथं माप, कंबर, मागच्या पायांच्या पुढची बारीक जागा. छाती आणि कंबर यांत वीत दीड वीत फरक निघाला, तर दोन स्वतंत्र पट्ट्यांचा कोटच घ्यायचा. सगळ्यात मोठा आकडा छातीचा असतो, कोट त्यावरून निवडायचा. पाठीला दोन बोटं कमी पडलं तर चालेल, छातीला पडलेलं चालत नाही.

बाह्या टाळा. पळणाऱ्या कुत्र्याच्या बाहीची शिवण काखेतच येते. पोटपट्टा कोपरापासून चार बोटं मागे हवा. छातीवरचा भाग रुंद, मऊ आणि पुढून उघडा असलेला बरा, म्हणजे पाय पुढे टाकताना कापड ताणलं जात नाही.

आणि घरात घालून फक्त कौतुक करू नका. पुढचा पाय हातात धरून हलकेच पुढे ओढा, गळ्याची कड वर चढून गळा आवळत नाही ना पाहा. खाली बसवा. मग कुणालातरी त्याला दुडक्या चालीने नेऊ द्या आणि तुम्ही बाजूने पाहा. पाऊल नेहमीपेक्षा आखूड पडत असेल तर कोट परत करा, बाकी कितीही छान असला तरी.

धुकट

उसवणताई, शेवटचं वाक्य अगदी खरं. पाऊल आखूड पडलं की तो सगळा दिवस चुकीच्या स्नायूंवर भार घेऊन पळतो.

शिशिर_ऊन

कापडाबद्दल थोडं.

बाहेरच्या कापडावर जलरोधकतेचा आकडा मिलिमीटरमध्ये दिलेला असतो. कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला तर पाणी झिरपायला लागतं, तो हा आकडा. रोजच्या पावसाबर्फाला १०,००० मिलिमीटर भरपूर होतात, ५,००० सुद्धा बहुतेकांना पुरतात. पण कापड कितीही भारी असलं तरी पाणी शिवणीतून आत येतं. पाठीच्या कण्यावरून शिवण जात असेल तर आतून पट्टी चिकटवलेली आहे का ते बोट फिरवून बघा.

मजबुती डेनियरमध्ये, म्हणजे धाग्याच्या जाडीच्या मापात. ६०० च्या आसपासचं कापड झुडपांत घुसणाऱ्या कुत्र्याला टिकतं. त्याहून जाड घेतलं तर कोट कडक होतो आणि कडा घासतात.

भरणाची जाडी ग्रॅममध्ये असते, दर चौरस मीटरला. १०० ग्रॅम हलकं, २०० चांगलं उबदार. पिसांचं भरण कोरडं असताना सगळ्यात उबदार, पण भिजलं की गोळा होऊन बसतं आणि ऊब संपते. बर्फात लोळणाऱ्या, डबक्यात उतरणाऱ्या कुत्र्याला कृत्रिम धाग्यांचंच भरण घ्या. सुती अस्तर नको. सूत पाणी पितं, लवकर वाळत नाही, आणि ओला कोट अंगावर असण्यापेक्षा कोट नसलेला बरा.

अस्तराबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. दुकानात फ्लीसचं मऊ अस्तर हाताला फार छान लागतं. पण या कुत्र्यांचे आखूड ताठ केस त्यात सुयांसारखे रुततात, धुऊनही निघत नाहीत आणि मग तेच टोचतात. निदान छाती आणि खांद्यापाशी गुळगुळीत अस्तर असावं, म्हणजे कोट अंगावरून घसरतो, घासत नाही.

धुताना कपडे मऊ करणारं द्रावण अजिबात वापरू नका, त्याने पाणी ओघळून जाण्याचा गुण जातो. साबणाचा अंशही राहू देऊ नका, आखूड केसांखालच्या कातडीला लगेच खाज सुटते.

तीन_पंजे

वेल्क्रोबद्दल एक अनुभव. आमची सोनी बॉक्सर आहे. तिला वेल्क्रो उघडण्याच्या "चर्र" आवाजाची इतकी भीती बसली की कोट काढायची वेळ आली की ती थरथरायची, आणि आम्हाला वाटायचं थंडीने थरथरतेय. बर्फ आणि केस भरले की तो चिकटतही नाही. आता बकलं घेतली, मोठी, हातमोजे घालूनही दाबता येतील अशी. चेन असेल तर तिच्या आत कापडाची पट्टी हवीच, नाहीतर कातडी अडकते. एकदा अडकली की तो कोट कुत्रा पुन्हा जवळ येऊ देत नाही.

सांजसावली

आमच्याकडे ग्रेहाउंड आहे. मान लांब असेल तर मानेचा विचार वेगळा करा. कोट खांद्यापाशी संपतो आणि सगळी मान उघडी राहते. वर ओढता येईल असा मऊ गळा असलेला कोट आम्हाला लाभला. कानाची टोकं आणि शेपटीचं टोक हिमदंशाला सगळ्यांत आधी बळी पडतात, घरी आल्यावर तिथे हात लावून बघायची सवय ठेवा.

नर असेल तर पोटाखालचं कापड फार मागे जाऊ देऊ नका, लघवीने भिजतं. पण छातीखाली मात्र हवंच. काखेत आणि जांघेत रक्तवाहिन्या कातडीच्या जवळ असतात आणि कुत्रा बर्फावर बसतो तेव्हा तिथूनच गारठतो. पाठ झाकून पोट उघडं टाकणारे कोट मला तरी अर्धवट वाटतात.

रानवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री नवऱ्याने खंड्याला उभं धरलं आणि मी मोजलं. पाठ ६४ सेंटिमीटर, छाती ७८, मान ४३, कंबर ५६. छाती आणि कंबर यांत २२ सेंटिमीटरचा फरक! मागच्या कोटाला पट्टा एकच होता. तो कोट मग मांडीवर घेऊन नीट पाहिला. पोटपट्ट्याची कड बरोब्बर कोपराच्या मागे येते, आणि तिथे शिवण दुमडून टीप मारल्यामुळे दोरीसारखी जाड झालीय. त्या टोकाला अजून खंड्याचे केस अडकलेले आहेत.

हार्नेसचं कुणी सांगाल का?

धुकट

हार्नेस आत, कोट वर, आणि कोटाला पाठीवर हार्नेसची दोरी अडकवायची कडी बाहेर काढायला फट. हार्नेस वरून घातला तर भरण दाबलं जातं, ऊब जाते, आणि कोटाची घडी काखेत जाते. मात्र हार्नेसच्या पट्ट्याचं बकल आणि कोटाचं बकल एकावर एक येऊ देऊ नका.

फिरून आल्यावर दर वेळी दोन्ही काढून काखा, छाती, खांद्याची टोकं बोटांनी चाचपायची. केस उलटे फिरलेले किंवा तुटके लागले की तिथे घासतंय, कातडी लाल व्हायच्या आधीच कळतं.

शिशिर_ऊन

पंजांकडेही लक्ष असू द्या. रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ गाद्यांना चिरा पाडतं आणि कुत्रा ते चाटतो. आल्यावर कोमट पाण्याने पाय धुवा. लांब पल्ल्याला पायमोजे. अलास्कातल्या इडिटारॉड शर्यतीत दर कुत्र्यामागे आठ पायमोजे जवळ ठेवावेच लागतात, यावरून काय ते समजा.

जुनाखोड

मी वरती लिहिलं त्याबद्दल पुन्हा लिहितो. आमचा दुसरा लॅब आता बारा वर्षांचा आहे. परवा धागा वाचल्यावर त्याच्याकडे नीट पाहिलं. बाहेर जाताना ठीक असतो, परतताना दाराशी मी कुलूप काढेपर्यंत त्याचे मागचे पाय थरथरतात. मी ते म्हातारपण म्हणून सोडून देत होतो. सांधे आखडलेल्या कुत्र्याला गारठा जास्त लागतो, असं डॉक्टरांनी काल सांगितलं. तर त्याला पाठीवर टाकायला सैल झूल घ्यायचं ठरवलंय. तीन_पंजे, केस उलटे फिरवूनही पाहिले. कंबरेवरची लव पार विरळ झालीय, मला माहीतच नव्हतं.

तीन_पंजे

काका, बरं केलंत. त्याला डोक्यावरून घालायचा कोट घेऊ नका, मान वाकवताना दुखतं. पाठीवर टाकून छातीपाशी आणि पोटाखाली लावायचा घ्या.

रानवाट

दहा दिवसांनी लिहितेय.

दोन वस्तू घेतल्या. एक पातळ, भरण नसलेला, वाराप्रूफ आणि जलरोधक, दोन पट्ट्यांचा, छाती पुढून मोकळी. दुसरी २०० ग्रॅम भरणाची झूल, ती पिशवीत असते. रंग दोन्हींचा भडक नारिंगी आणि कडेला चमकत्या पट्ट्या, कारण संध्याकाळी आम्ही निघतो तेव्हा अंधारच असतो.

पहिले तीन दिवस बाहेर नेलंच नाही. जमिनीवर कोट पसरायचा, त्यावर खाऊ ठेवायचा, पाठीवर टाकायचा, काढायचा. मागच्या कोटाची आठवण त्याच्या अंगात होती, पट्टा पोटाखालून घेतला की श्वास रोखून धरायचा. चौथ्या दिवशी श्वास सोडला. मग दुडक्या चालीची परीक्षा घेतली, उसवणताई, तुम्ही सांगितलीत तशी. पाऊल पूर्ण पडतंय.

उणे सहा अंशांत तास पळाला. धाप लागली, पण दोन मिनिटांत ओसरली. थांबलो तशी झूल टाकली, आणि मी मुद्दाम शेजारणीशी दहा मिनिटं बोलत उभी राहिले. तो माझ्या पायाशी बसून खारींकडे बघत होता. पाठ सरळ. कोटाखाली हात घातला, कोरडं आणि ऊनऊन. रात्री काखा चाचपल्या, केस जिथल्या तिथे.

एकच अडचण आहे. पातळ कोटाला हार्नेसच्या कडीसाठी फट नाही. घरी पाडली तर कापड उसवत जाईल का, आणि पाणी आत येईल का?

उसवण

उसवणार नाही, नीट केलीत तर. आधी हार्नेस घालून वर कोट चढवा आणि कडी कुठे येते तिथे खडूने खूण करा. टेबलावर ठेवून अंदाजाने करू नका. फट आडवी नको, कण्याच्या रेषेत उभी, चार सेंटिमीटर. कापायच्या आधी तिच्याभोवती आयताकृती बारीक टीप मारून घ्या आणि मगच मधून कापा. दोन्ही टोकांना काजाला करतो तसे टाके घट्ट. वरून त्याच कापडाची झडप लावा, तिचं तोंड शेपटीकडे, म्हणजे पाणी मागे ओघळून जाईल. आतल्या बाजूला शिवणीवर चिकटपट्टी. टिपेचा दोरा सुती घेऊ नका, पॉलिएस्टरचाच घ्या. आणि पट्टी चिकटवल्यावर एक दिवस कोट वापरू नका.